नऊ नंबरची कॉट

२ फेब्रुवारी
आज ट्रेनिंग झालं. पेशंटशी मायेने वागा, रोज दहा मिनिटं जवळ बसा, त्याचं ऐका. दोन तास हेच. मला गरज नव्हती, माझा स्वभावच मायाळू. मधे जरा डोळा लागला. महिनाअखेर पेशंट फॉर्म भरणार, त्यावरून आम्हा तीन नव्या वॉर्डबॉयपैकी एकाला कायम करणार. आईला फोन करून सांगितलं, काम झालंच समज.

४ फेब्रुवारी, दुपार
नऊ नंबरला आजोबा आलेत. मांडीचं हाड मोडलंय, हलता येत नाही. म्हणजे निवांत बसता येईल.
बसलो. ते मोकळे व्हावेत म्हणून सुरुवात मीच केली. सातवीत शाळा का सोडली, नंतर चार नोकऱ्या का सोडल्या (सगळीकडे साहेब वाईट). चाळीस मिनिटं झाली. आजोबा दोनदा म्हणाले, "बाळा, ही कॉट जरा..." कॉट नवीकोरी आहे, काळजी करू नका, असा धीर दिला.

७ फेब्रुवारी
सिस्टर म्हणाल्या, सहा नंबरवाले तासभर बेडपॅन मागतायत. मी म्हटलं, मी नऊ नंबरचं ऐकत होतो. म्हणाल्या, आवाज तर तुझाच येत होता. बाईंना ट्रेनिंगची गरज आहे.
उद्यापासून तोंड बंद. फक्त ऐकायचं. पक्कं.

८ फेब्रुवारी
ऐकायलाच बसलो होतो. आजोबांनीच विचारलं, घरी कोण असतं? उत्तर न देणं बरं दिसत नाही. आईचं सांगितलं. दीड वर्ष गेलो नाही, तिचे गुडघे दुखतात. मलाच रडू आलं. आजोबांनी रुमाल दिला. पेशंटलाही कुणाच्या उपयोगी पडल्यासारखं वाटलं पाहिजे. हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं, माझं मी शोधलं.

११ फेब्रुवारी
हल्ली मी स्टूल ओढलं की आजोबा डोळे मिटतात. माझ्या आवाजाने शांत झोप लागते. चार वाजता आजी भेटायला आल्या. मी दारातच खूण केली, झोप मोडू नका. बिचाऱ्या परत गेल्या.

१२ फेब्रुवारी
आजही तसंच.

१३ फेब्रुवारी
सिस्टरनी उभ्या उभ्या आजोबांना विचारलं, "काही हवंय का?"
आजोबा म्हणाले, "कॉट फिरवा. माझं तोंड भिंतीकडे येतं, दार दिसत नाही. ही तीन जिने चढून येते आणि दोन दिवस मला न भेटताच परत गेली."
कॉटला चाकं आहेत. मी फिरवली, अर्धं मिनिट लागलं. चार वाजता आजी दारात दिसल्या तर आजोबांनी लहान मुलासारखा हात वर केला.
मी रोज तिथेच बसत होतो. मला सांगायला काय झालं होतं?

२८ फेब्रुवारी
कायम झाला तो दुसरा. मुखदुर्बळ आहे, नुसता वेळेवर बेडपॅन नेतो.
मोठ्या सिस्टरनी नऊ नंबरचा फॉर्म वाचून दाखवला. "मुलगा मनाने चांगला आहे. त्याचं ऐकणारं इथे कुणी नाही. त्याला आईकडे पाठवा." आठ दिवस सुट्टी मिळाली. परत आल्यावर बघू, म्हणाल्या.
म्हणजे पेशंटने शिफारसच केली.
लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, बरं झालं येतोयस, माझा गुडघा आता...
मी म्हटलं, थांब, आधी माझं ऐक.