शनिवारचा दुसरा ग्लास

शनिवार, ४ जानेवारी

आजही ह्यांनी व्हिस्कीचे दोन ग्लास भरले. एक स्वतःपुढे, एक भाऊजींच्या खुर्चीपुढे. ह्यांचे एकुलते एक मित्र, भाऊजी — त्यांना जाऊन महिना होत आला!

बसून राहिले तासभर. बोलले काही नाहीत. पूर्वी शनिवारी ह्या वेळी भाऊजींची टकळी चालू असायची. तरुणपण बोटीवर वायरलेस सांभाळण्यात गेलं, त्यामुळे माणसांशी बोलायचं जे राहून गेलं होतं ते सगळं आमच्या घरी येऊन बोलून घ्यायचे. नाक ग्लासात, आणि तोंड चालू. हे समोर डोळे मिटून ऐकत. मी स्वयंपाकघरात मनात म्हणायचे, अहो, माझ्या नवऱ्यालाही एखादं वाक्य टाकू द्या की! आता सगळं रान मोकळं आहे, तर हे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत.

ह्यांचं चष्म्याचं दुकान बंदच. काल एक म्हातारे गृहस्थ घरी आले — 'माझा वाचायचा चष्मा तयार झाला का?' ह्यांनी मान हलवली आणि आत निघून गेले. हो की नाही, त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही.

मला भीती वाटते. इथे लिहायला कोणाची चोरी नाही. हा माणूस बसल्याबसल्या आतल्या आत कुठेतरी निघून जाईल आणि मला पत्ता लागणार नाही, अशी भीती वाटते.

मंगळवार, ७ जानेवारी

दूध करपलं. पातेल्याचा कोळसा झाला. कामावरून आले तर जिन्यातच वास — आणि हे गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचतायत! 'लक्ष नव्हतं,' म्हणाले. ह्या आठवड्यातलं सर्वांत लांब भाषण.

ओरडले. मग पातेलं घासता घासता रडले.

शनिवार, ११ जानेवारी

आज भाऊजींच्या खुर्चीत जाऊन बसले.

ठरवलं नव्हतं. ह्यांनी दुसरा ग्लास भरला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली — भरायचा आणि मोरीत ओतायचा, किती शनिवार? म्हटलं, मी घेते. हे बघतच राहिले. उभ्या जन्मात मी दारूचा थेंब घेतलेला नाही.

पहिला घोट म्हणजे घशात कोणी काडी ओढली! डोळ्यांतून पाणी. आणि वास तर — आयोडिन, फिनॉल, दवाखान्यातली पट्टी! मी म्हटलं, 'अहो, हे माझ्या टेबलावर आलं असतं तर मी नापास केलं असतं!' खरंच केलं असतं. पाणी तपासणीत इतकी वर्षं काढली. शहराच्या कुठल्या कुठल्या नळाची बाटली उघडायची, हुंगायची, वास आला की लाल शेरा.

तर ह्यांनी मान वर केली. 'आणखी?' म्हणाले.

'आणखी काय?'

'आणखी कसला वास येतोय?'

पुन्हा नाक घातलं. म्हटलं, विझवलेली शेकोटी. जळक्या लाकडांवर कोणीतरी पाणी ओतलंय. ह्यांनी डोळे मिटले. चेहरा — कसा सांगू — अंगावरचा जड कोट उतरवल्यासारखा झाला.

त्या चेहऱ्यासाठी उरलेला ग्लास संपवला. चव भयंकर.

शनिवार, १८ जानेवारी

आज काय पाहिलं मी!

मागच्या वेळी ह्यांनी नळाचं पाणी घातलं होतं. आठवडाभर तेच मनात घोळत होतं — नळाच्या पाण्यात क्लोरिन, ह्यात फिनॉल, दोघांची गाठ पडली की औषधाचा वास चढणारच! आमच्याकडे शिकाऊ पोरींनाही ठाऊक असतं. म्हणून आज पाणी उकळून, उघडं ठेवून गार केलं, आणि डोळ्यांत औषध घालायचा नवा ड्रॉपर आणला. हे म्हणाले, 'प्रयोगशाळा आणलीस का घरी?' म्हणाले! ह्यांनी माझी चेष्टा केली!

एक थेंब. दुसरा. तिसरा. दिव्यासमोर धरलं तर ग्लासात तेलासारख्या बारीक रेषा वळवळल्या आणि विरल्या. मग हुंगलं.

अगं आई गं! शेकोटी मागे सरकली आणि तिच्यामागून फळं आली. पिकलेलं नासपती. मग मधाच्या पोळ्याचा गोड वास, मेणासकट. हे सगळं आधीपासून आत होतं? कोणी दडवलं होतं? ज्या पाण्याला कसलाही वास असू नये म्हणून मी आयुष्यभर झटले, त्याच पाण्याचे तीन थेंब पडले आणि हे सगळं बोलायला लागलं. मी पुन्हा पुन्हा हुंगत राहिले. पाण्याबद्दल मला सगळं माहीत आहे असं समजत होते मी!

'सांग ना,' हे म्हणाले. अधीर झाले होते.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी ग्लास विसळायला घेतला. रिकामा, कोरडा. सहज नाकाशी नेला — मध, आणि नवीन कपाटाचं लाकूड! तशीच उभी राहिले. नळ चालू. विसळला नाही.

शनिवार, २५ जानेवारी

भाऊजींची पुतणी खोकं देऊन गेली. त्यांच्या उरलेल्या बाटल्या — 'काका म्हणायचे, ह्या तुमच्याकडे द्यायच्या.' हे खोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी लगबगीने चहा टाकायला गेले, दोघांचे डोळे भरलेले बघवेनात.

आज बर्फ घालून बघितला. नको. बर्फाने ती तोंड मिटून घेते. गार, शहाणी, मुकी. सोडा घातला तर पार्टीला आल्यासारखी नुसती हसते. मला आपली ग्लास तळव्यात धरून बसायची पद्धत पटली. ऊब लागली की हळूहळू सांगायला लागते. दुसऱ्या बाटलीत धूर नाहीच! सफरचंद, मध, आणि उन्हात वाळलेलं गवत. दोन्हींचं नाव एकच, स्कॉच. एका आईच्या दोन मुली, पण एक स्मशानातून आलेली आणि एक बागेतून!

हे मात्र पक्के मास्तर आहेत. 'आणखी?' 'आधी काय येतं, नंतर काय येतं?' 'सफरचंद म्हणजे कच्चं की पिकलेलं?' स्वतः काही सांगत नाहीत. म्हटलं, तुम्हाला इतक्या वर्षांचा अनुभव, एक उत्तर तरी सांगा! तर हसले. 'तू सांग. बरोबर सांगतेस.'

बरोबर सांगते! पहिला नंबर आल्यासारखं वाटलं मला.

मंगळवार, २८ जानेवारी

दुकान उघडलं!!

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज गरम पाणी घालून. थोडंसंच. आधी वाटलं, पाप करतोय. पण वाफ वर आली आणि खोलीच बदलली. लवंग. जुनं चामडं. सुतारकाम चालू असलेलं घर.

मी ग्लास हातात धरून विचार करत बसले. जव आणि पाणी, बस. मग एका पिंपात, अंधारात, कोणी न बघता वर्षानुवर्षं बसायचं. लाकूड थोडं घेतं, थोडं देतं. थोडी तर दरवर्षी हवेतच उडून जाते, भाऊजी सांगायचे, तेव्हा मला थाप वाटली होती. आपली लेक पहिलीत असताना ही पिंपात भरली असेल. आम्ही इथे भांडलो, घराचे हप्ते भरले, तिला सासरी पाठवलं — ही तिथे गप्प बसून हे सगळं जमवत होती. हात जोडावेत असं वाटलं. दारूला! माझ्या आईने ऐकलं असतं तर लाटणं घेऊन धावली असती.

हे म्हणाले, 'लवंग म्हणजे तोंडात धरल्यावर येते ती, की डब्यातली?' मी म्हटलं डब्यातली. मग बराच वेळ डोळे मिटून बसले. मीही. इतकी वर्षं ह्या दोघांचं नेमकं काय चालायचं, ते आज थोडं कळलं. भाऊजींचा हेवा वाटायचा मला. आता वाटत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. 'आई, तू पितेस?! बाबा काय सांगतायत हे!' म्हटलं, पीत नाही, अभ्यास करते. पोट धरून हसली. मग म्हणाली, 'बाबा मघाशी सांगत होते, कालची म्हणे तापलेल्या दगडावर पाणी शिंपडावं तशी होती. आई, बाबा असं कधीपासून बोलायला लागले गं?'

ते माझं वाक्य! शब्दन् शब्द माझा! चोरून वापरतात आणि वर स्वतःच्या नावावर खपवतात. पण बोलतायत. हवी तेवढी चोरा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सर्दी. नाक ठार बंद. तरी बसले, शनिवार मोडायला नको म्हणून. घोट घेतला — नुसती आग. कडवट, गोडसर, आग. बाकी काही नाही! भिंतीशी बोलावं तसं. ह्यांनी विचारलं, 'काय येतंय?' म्हटलं, काही नाही. आज तुम्ही सांगा, मी ऐकते.

ह्यांनी बाटलीचं बूच नुसतं फिरवलं.

म्हटलं, अहो, दर वेळी परीक्षा मीच द्यायची का?

ह्यांनी ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ धरला. म्हणाले, 'सफरचंद. मध. वाळलेलं गवत.'

मी बाटलीकडे बघितलं. धुराची बाटली! पहिल्या दिवशीची, आयोडिनवाली! नाक बंद असलं तरी मला डोळे आहेत. ती ओळखायला नाकसुद्धा लागत नाही, ती दारातून ओरडते. म्हणजे मी जीव ओतून सांगते तेव्हा ह्यांचं लक्षच नसतं? का माझी टर उडवतायत? म्हातारपणी बायकोला खेळणं मिळालंय, खेळू दे — असं काही? नको नको ते बोलले. 'भाऊजींना असं फसवलं असतंत का?' हेही बोलले.

हे उठले. दोन्ही ग्लास तसेच. आतल्या खोलीचं दार लागलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

दुकान बंद. पुन्हा तीच गुळणी. मी बोलायला जाते, तर मान हलवतात. हो की नाही, कळत नाही.

मीच घालवलं का हाताने?

शनिवार, १ मार्च

ह्यांना वास येत नाही. कसलाच नाही. त्या दिवशी हाताला आली ती बाटली न बघताच ओतली होती, आणि माझंच जुनं उत्तर म्हणून दाखवलं. लेक शाळेत होती तेव्हा दुकानाच्या माळ्यावरून पडले होते, डोक्याला टाके पडले होते — तेव्हापासून. फक्त भाऊजींना माहीत होतं. ते दर शनिवारी ग्लासात काय काय आहे ते सांगायचे, आणि हे ऐकायचे. 'तो गेला आणि सगळं पुन्हा नुसतं पाणी झालं,' म्हणाले. 'मग तू त्या खुर्चीत बसलीस.'

म्हटलं, मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?

'तू रोज वाढताना विचारायचीस, कसं झालंय. सांगितलं असतं तर विचारायचं बंद केलं असतंस.'

आज माझं नाक मोकळं आहे. मी बाटली काढायला उठले तर म्हणाले, ती राहू दे. आपल्या घराला आता कसला वास येतो, ते सांग.

मला सांगता येईना. राहत्या घराचा वास आपल्याला कळतच नाही. चप्पल घातली, बाहेर गेले, दार ओढून घेतलं. जिन्यात उभी राहिले, नाक ताजं होईपर्यंत. मग बेल वाजवली.