मालिश शिकायला धाडलंस त्याबद्दल

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगं. त्यांपैकी सहा सध्या ठणकताहेत, तेव्हा उरलेल्या दोनांवर भागवून घे.) तुझी तब्येत कशी आहे, दाजींचा खोकला गेला का, भाचीला नोकरी लागली का, हे सगळं मला खरंच जाणून घ्यायचंय, पण आत्ता नाही. आत्ता मी भयंकर संतापलोय, आणि तोही तुझ्यावर.

छापखाना बंद पडला तेव्हा मी घरी बसून निवांत छताकडे बघत होतो. सत्तावीस वर्षं पुस्तकांची बांधणी केलेल्या माणसाला तेवढा हक्क असतो. पण तुला राहवेना. पेपरातलं कात्रण पाठवलंस, व्यावसायिक मालिशीचा पायाभूत अभ्यासक्रम, वयाची अट नाही. आणि खाली तुझ्या अक्षरात, ‘तुझ्या हाताला गुण आहे.’ कसला गुण गं? पुठ्ठा कापण्याचा? दाजींची मान एकदा चोळून दिली तेव्हा ते ‘वा’ म्हणाले, ते सौजन्य होतं हे मला आता कळतंय. (त्यानंतर आठवडाभर ते मान न वळवता फक्त डोळे वळवून बोलत होते, आठवतं?)

आमची शिक्षिका इतकी लहान आहे की माझ्या घरातलं कपाट तिच्याहून वयाने मोठं आहे. मी मनातल्या मनात तिचं नाव ‘कवायत’ ठेवलंय. या कवायतीने पहिले तीन आठवडे आम्हाला कुणाच्या अंगाला बोटसुद्धा लावू दिलं नाही. काय शिकवलं म्हणशील तर उभं राहायला! मी, एक्कावन्न वर्षांचा माणूस, बापजन्मात कधी आडवा पडून पुस्तकं बांधली नाहीत, मला ती सांगते की तुम्हाला उभं राहता येत नाही. पाय असे ठेवा, गुडघे सैल सोडा, जोर खांद्यातून नको, कमरेतून येऊ दे, अंगठ्यांवर भार टाकू नका, ते तुम्हाला म्हातारपणी लागणार आहेत. मग नखं कापणं. मग कोपरापर्यंत हात धुणं. मग चादर अशी पांघरायची की जिथे काम चालू आहे तेवढाच भाग उघडा राहील. मग पाठीतली हाडं वरून खाली आणि खालून वर पाठ. आणि मग तो फॉर्म! आजार कुठला, शस्त्रक्रिया झाली का, औषधं कुठली, कुठे सूज आहे का. मी म्हटलं, बाई, मी मालिश करणार आहे की सोयरीक जमवणार आहे? त्यावर ती शांतपणे म्हणाली, “सुजलेली पोटरी न विचारता दाबलीत तर माणूस दगावू शकतो.” वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी दोन-चार माणसं संपवूनच आलोय.

चौथ्या आठवड्यात जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला एक न्हावी आला. तीस वर्षं खुर्चीमागे उभं राहून याची कंबर गेलेली, पण जिभेला काही झालेलं नाही. टेबलावर पालथा पडला तरी टेबलाला तोंड ठेवायला असतं त्या भोकातून खाली जमिनीशी गप्पा चालू. मी म्हटलं, दाखवूच आता हाताचा गुण. पुस्तकाच्या पाठीवर द्यायचो तसा दाब दिला. न्हाव्याने जी आरोळी ठोकली ती ऐकून शेजारच्या वर्गातले लोक दारात आले. कवायत आली. मला वाटलं, ओरडेल. तर नाही. म्हणाली, “त्यांना विचारलंत, एवढा दाब चालेल का?” मी विचारलं. न्हावी म्हणाला, “चालेल की.” मी विजयी मुद्रेने तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “त्यांच्या पायाकडे बघा.” बिचाऱ्याची दहाही बोटं मुठीसारखी आवळली होती. तुला सांगतो ताई, मला इतका राग आला, आणि राग काढायला समोर कुणीच नव्हतं!

पण खरा संताप पुढे आहे. जोडी म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी मी टेबलावर. न्हाव्याने फॉर्म वाचत एकेक प्रश्न विचारला. शेवटचा प्रश्न, कुठे हात लावलेला चालणार नाही? मी म्हटलं, कुठेही लाव, सामान समज. मग त्याने दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहात ठेवला. दाबला नाही, चोळला नाही, नुसता ठेवला. गरम होता. ताई, तुझी भावजय जाऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत माझ्या अंगाला लागलेले हात म्हणजे डॉक्टरचा, शिंप्याचा आणि गर्दीत ढकलणाऱ्यांचे. मी रडलो. चांगला घळाघळा. ते तोंडाचं भोक असतं ना, त्यातून थेंब सरळ खाली, न्हाव्याच्या उघड्या पायावर.  त्याने पाय मागे घेतला नाही. थोड्या वेळाने हळूच विचारलं, “थांबू का?” मी ओरडलो, “चालू ठेव!” अख्ख्या वर्गाने ऐकलं. हे कशाला शिकायचं असतं? हा कसला अभ्यासक्रम, ज्यात माणसाची अब्रू चादरीखालून निसटते?

दुसऱ्या दिवशी मी नाव काढून घेण्याचा अर्ज लिहून नेला, चांगला दोन पानी. कवायतीने तो वाचला, एक शब्द शुद्ध केला (‘शारिरिक’चं ‘शारीरिक’), आणि म्हणाली, “टेबलावर राहू दे. आज चादरींच्या घड्या करायला माणूस नाहीये.” मी अठरा चादरींच्या घड्या केल्या, कडेला कड जुळवून, एकही सुरकुती नाही. तेवढ्यात न्हावी येऊन पालथा पडला आणि जमिनीशी गप्पा मारायला लागला. मग काय करणार? हात धुतले.

अर्ज अजून तिच्या टेबलावर आहे. तू मला या भानगडीत टाकलंस याबद्दल तुला कधीही क्षमा नाही. दाजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
अत्यंत रागावलेला भाऊ

ता. क. परीक्षेआधी वर्गाबाहेरच्या दहा माणसांवर सराव करून त्यांच्या सह्या आणायच्या आहेत. नऊ झाले. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना तर झोप लागली, उठवून सही घ्यावी लागली. दहाव्या सहीसाठी दाजींची पाठ देऊ करू नकोस. मला तू हवी आहेस.

ता. क. २. आई अंथरुणावर होती ती दोन वर्षं तिचे पाय रोज तू चोळलेस. मी दारात उभा राहून ‘मला नाही जमत’ म्हणायचो आणि कामावर पळायचो. ते काही अवघड नव्हतं, हे आता कळलंय. कुणी शिकवलं नव्हतं ही सबब चालणार नाही, तुलाही कुणी शिकवलं नव्हतं.

ता. क. ३. ‘मला काही दुखत नाही’ असं उलट टपाली कळवशील, म्हणून उत्तराची वाट बघत नाही. आईच्या वेळीही तू भिंत धरून उठायचीस आणि हेच म्हणायचीस. रविवारी सकाळी मीच घ्यायला येतो. तयार राहा.