ठकूच्या हातचा सात

श्री

मी कुशाबा हैबती उतेकर, वय बासष्ट, मूळ गाव उमरठ, हल्ली राहणार महाड, जिल्हा कुलाबा, धंदा गुमास्तेगिरी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात वा भिडेत न येता माझे मृत्युपत्र सांगतो. सांगतो म्हणालो, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लिहून घेत आहेत शाळेचे महिपती मास्तर. मास्तर, मी बोलेन तसेच लिहा, गोड करू नका.

कलम पहिले. महाडातले दोन खणांचे कौलारू घर मी माझ्या पगारातून बांधले. माझ्यामागे ते माझी एकुलती विधवा मुलगी ठकूबाई हिचे. उमरठच्या शेतीतला माझा हिस्सा मी धाकटा भाऊ कोंडाजी याला सोडला आहे, तो त्याने सुखाने खावा. पण त्याचा डोळा घरावर आहे. गेल्या शिमग्याला ओटीवर बसून म्हणाला, "दादा, आपलं काय येगळं हाय? घर एकत्रातलंच. ठकूला मी काय रस्त्यावर टाकनार नाय." अरे, टाकणार नाहीस हे मुद्दाम सांगावेसे का वाटले तुला?

घर एकत्रातले कसे ते ऐका. बाराव्या वर्षी वडिलांनी मला उमरठहून चालवत महाडच्या पेठेत आणले आणि आताचे मालक मुरारशेट यांच्या वडिलांच्या भाताच्या वखारीत काम शिकायला उमेदवार म्हणून सोडले. उमेदवाराला पगार नसतो. दोन वेळचे जेवण आणि वर शिव्या. दोन वर्षे शाई घोटली, बोरू तासले, पानांना घड्या घालून रकाने पाडले. तिसऱ्या वर्षी रोजकिर्दीतल्या रोजच्या नोंदींवरून खातेवार खतावणी लिहायला मिळाली. पहिला पगार सातव्या वर्षी, सहा रुपये. तो बघायला वडील राहिले नव्हते. त्याचे अजून वाईट वाटते. त्या वखारीत कोंडाजी एक दिवस झाडू मारायलासुद्धा आला नाही, हेही लिहा.

कलम दुसरे. माझी दौत, बोरू, चाकू आणि उतरते मेज ठकूला. लहानपणी विळ्याने माझे उजवे बोट कापले, ते वाकडेच जुळले. त्यामुळे माझ्या सातचे शेपूट भलतीकडे पळते. पेठेत लोक त्या सातवरून माझी वही ओळखतात. ठकू सासरहून परत आली तेव्हा दिवसदिवस भिंतीकडे बघत बसे. जीव रमावा म्हणून मी तिच्या हातात बोरू दिला. तिने विचारले, "आबा, सात असाच लिवायचा ना?" मी हो म्हणालो. चांगल्या सरळ बोटांनी पोर माझा वाकडा सात शिकली. मुलगा असता तर लोकांनी त्याला उमेदवार म्हटले असते. बाईसाठी तसा शब्दच नाही. कोणी विचारले, ठकू दिवसभर काय करते, तर मी म्हणे, वाती वळते.

कलम तिसरे. इथे जीभ अडते. चार वर्षे झाली, मला अक्षर दिसत नाही. वखारीत ऐकलेले आकडे मी डोक्यात ठेवायचे, वह्या घरी न्यायच्या, मी बोलायचे आणि ठकूने लिहायचे. शेटना सांगितले, घरी निवांत लिहितो. माझी सहीसुद्धा तीच करते. चार वर्षांत एका पैचा फरक नाही.

आता बघा पंचाईत. या कागदावर मी सही केली तर ती आंधळ्याची, कोंबडी चालून गेल्यासारखी. कोंडाजी कोर्टात वखारीच्या वह्या मागवील आणि म्हणेल, सही जुळत नाही, कागद बनावट. ठकूने केली तर हुबेहूब जुळेल, आणि तीच बनावट असेल! हसू नका मास्तर. मला रडू येते आहे.

म्हणून कबूल करतो की, चार वर्षांतल्या वह्यांतले अक्षर आणि सही ठकूबाईची आहे. हे बोलल्याने घर वाचेल, पण ठकूच्या हातची वही जाईल. ठकूला विचारले, तर म्हणाली, "आबा, घर ऱ्हाऊ दे. माजी वही नका घालवू." मी तिचे ऐकले नाही. एकट्या बाईला आधी छप्पर हवे, असे मला वाटले. बरोबर केले की तिचा घात केला, खरेच कळत नाही.

कलम चौथे. माझी गुमास्तेगिरी ठकूला, असे मी सांगितले. मास्तरांनी लेखणी थांबवली. "कुशाबा, नोकरी तुमची मालमत्ता नव्हे. ती देता येत नाही." पन्नास वर्षे केली, तरी नव्हे? बरे, मग विनंती लिहा. मुरारशेट, तुम्हाला साक्षीला बोलावले ते यासाठीच. लपवले मी, पोरीचा दोष नाही. वही तिच्याकडे राहू द्या. पगार निम्मा द्या. तोही द्यायचा नसेल तर तिला उमेदवार समजा, पण लिहू द्या. याहून जास्त माझ्या हातात काही नाही.

वरील मजकूर मास्तरांनी दोनदा वाचून दाखवला, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. खालची वेडीवाकडी सही माझी, माझ्याच हातची.

मुक्काम महाड, तारीख १४ माहे फेब्रुवारी, सन १९३४.

सही: कुशाबा हैबती उतेकर

लिहिणार: महिपती गोविंद वैद्य, शाळामास्तर

साक्ष पहिली: रावजी चांगू सकपाळ, शेजारी. निशाणी डाव्या अंगठ्याची.

साक्ष दुसरी: मुरारी रघुनाथ शेठ, वखारवाले. सर्व ऐकले. कुशाबाने माझ्यासमोर सही केली, ती खरी आहे. वखारीच्या अकरा वह्या ठकूबाईकडून आजच मोजून परत घेतल्या.