तिसऱ्या जागेचा मान

मी, सिग्ने मार्गारेट लिंडाल, कै. एमोरी लिंडाल यांची पत्नी, वय वर्षे ब्याऐंशी, निवृत्त लॅटिन शिक्षिका आणि 'रिव्हरमेन' या व्यावसायिक बेसबॉल क्लबची एकमेव मालकीण, राहणार ड्रमंड फेरी, आयोवा, परमेश्वराला स्मरून हे माझे अखेरचे इच्छापत्र लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळीच मी एक दीर्घ स्तोत्र न अडखळता पाठ म्हणून तिची परीक्षा घेतली. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते, विशेषतः ते, ज्यात रागाच्या भरात मी सारे काही चर्चच्या ऑर्गनला देऊन टाकले होते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न झाला. तो कोणी केला हे पुढे ओघाने येईल.

कलम १. माझा देह एमोरीच्या शेजारी, नदीकडे तोंड करून ठेवावा. पास्टरांनी माझ्या गुणांचे वर्णन करू नये. ज्याच्यासमोर मी जाणार आहे त्याला ते ठाऊक आहेत, आणि ज्यांच्यासमोर पास्टर बोलतील त्यांचा त्यावर विश्वास बसणार नाही.

कलम २. राहते घर माझी दोन अपत्ये, थोरला आर्विड व धाकटी मारिट, यांना समसमान. दोघांनी भांडून वाटणी करावी. न भांडता केलेली वाटणी या घरात टिकलेली नाही. बँकेतील शिल्लक ऑर्गनच्या दुरुस्तीस. त्याचा खर्जातला एक स्वर गेली कित्येक वर्षे म्हशीसारखा हंबरतो, आणि मला माझ्या अंत्यविधीला तो ऐकायचा नाही.

कलम ३. माझा मोठा लॅटिन शब्दकोश क्लबचे माजी व्यवस्थापक डेल्बर्ट क्रॉफ्ट यांना. कारण नोंदवून ठेवते. एमोरी हा क्लबचा मालक होता आणि सामन्याला कोणता पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, उभा करायचा हे तोच ठरवीत असे. भर हंगामात तो देवाघरी गेला, आणि त्याच्या दफनानंतरच्या सोमवारी मी डेल्बर्टच्या खोलीत जाऊन सांगितले की यापुढे पिचरांचा क्रम मी लावीन.

"बाई," डेल्बर्ट म्हणाला, "तुम्ही वर्गात पोरांना विभक्ती शिकवा. माझ्या पोरांना हात लावू नका."

"विभक्ती म्हणजे तरी काय, डेल्बर्ट? कोण कोणाशेजारी उभा राहिला की काय काम करतो, एवढंच. ये एकदा वर्गात. मागच्या बाकावर जागा आहे."

तो आला नाही. आता शब्दकोश त्याच्याकडे जाईल. निजायला उशी म्हणून वापरला तरी माझी हरकत नाही.

कलम ४. पिचर ज्यावर उभा राहून फेकतो त्या उंचवट्याची माती सारखी करण्याचे दाताळे, हाताने ओढायचा रूळ व रेघा आखायची एमोरीची लाकडी चौकट ही अवजारे आमचे मैदान सांभाळणारे युसेबिओ व्हाल्देस्पिनो यांना. ती कशी वापरावी हे त्यांना सांगण्याची गरज नाही. ती दुसऱ्या कोणी वापरली तर ते काय म्हणतात हे मी ऐकले आहे, आणि स्पॅनिश मला लॅटिनमुळे कळते.

कलम ५. आता क्लब.

गेल्या नाताळात, ताटात मासा वाढला जात असताना, आर्विडने विषय काढला. त्याचे शब्द मी प्रामाणिकपणे उतरवते.

"आई, क्लब माझ्या नावावर कर. बाकी सगळं मारिटला दे. घर दे, चांदी दे, तुझी ती पुस्तकं पण दे."

"पुस्तकं मला कशाला?" मारिट म्हणाली. "शिक्षा म्हणून?"

"मी थोरला आहे. मी या क्लबसाठी चेंडू फेकलेत. हिनं काय फेकलं? खिडकीतून तिकिटं!"

"ती विकली गेली नसती तर तू कोणासमोर फेकलं असतंस रे? नदीतल्या माशांसमोर?"

"आणि एक सांगून ठेवतो," आर्विड माझ्याकडे वळला, "मला परत मागे ढकललंस ना, तर माझ्या हातात येईल त्या दिवशी मी क्लब विकून टाकीन. गिऱ्हाईक तयार आहे."

गिऱ्हाईक आहे हे खरे. राजधानीतला एक बांधकामवाला रिव्हरमेन विकत घेऊन आपल्या नव्या मैदानावर नेऊ पाहतो. त्याचे नाव लिहून मी त्याला या कागदात अमर करणार नाही. परंतु क्लब गेला तर ड्रमंड फेरीला उन्हाळ्याच्या संध्याकाळी नदीखेरीज बघण्यासारखे काही उरणार नाही, आणि नदी तर पुढच्या गावालाही आहे.

मी त्या ताटावर उत्तर दिले नाही. ते येथे देते. क्लब मी कोणा एकाला देत नाही. मला आयुष्यात एक विद्या खरोखर साधली, ती म्हणजे पाच पिचरांचा क्रम लावणे. आणि त्याच विद्येने मी क्लबचे वारस नेमते. क्लबची मालकी विश्वस्त निधीकडे राहील. पुढील क्रमाने एकेक व्यक्ती एकेक वर्ष त्याची प्रमुख असेल, आणि त्या वर्षी क्लबचे सर्वाधिकार तिचे असतील. पाच वर्षांनी क्रम पुन्हा पहिल्यापासून.

कलम ६. क्रम सांगण्यापूर्वी तो कसा लावतात हे सांगते, म्हणजे माझ्या माघारी कोणी त्यास म्हातारीची लहर म्हणू नये.

सामना सुरू करणारा पिचर एकदा मन लावून चेंडू फेकून गेला की त्याच्या खांद्याला चार दिवस विश्रांती लागते. म्हणून पाच लागतात. डेल्बर्ट म्हणे, तिघे उत्तम आहेत, तिघांनाच आलटून पालटून फेकू द्या. तिघांचे खांदे ऑगस्टपर्यंत गेले असते. पण मोजणी हा त्यातला सोपा भाग. पाच उत्तम माणसे निवडणे म्हणजे क्रम नव्हे. एकमेकांना पूरक अशी पाच माणसे योग्य जागी ठेवणे म्हणजे क्रम. लागोपाठ दोन वेगवान आले की दुसऱ्या दिवशी फलंदाजाची नजर आधीच बसलेली असते. म्हणून वेगानंतर संथ, उजव्यानंतर डावरा, तापट माणसानंतर थंड माणूस. प्राचीन मंदिरातले याजकही आळीपाळीनेच सेवा करीत, आणि बाप मोठा म्हणून कोणाची खेप अलीकडे येत नसे. ही गोष्ट मी चाळीस वर्षे रविवारच्या वर्गात शिकवली. ती मैदानावर विसरले असते तर मला वेदीसमोर उभे राहण्याचा हक्क उरला नसता.

कलम ७. क्रम असा:

पहिली, मारिट. लोकांना वाटते पहिला पिचर जिंकण्यासाठी असतो. जिंकतात सगळेच, कधी ना कधी. पहिला असतो तो हार थांबवण्यासाठी. संघ लागोपाठ हरत असताना ज्याचा दिवस उजाडला की बाकावरची पोरे ताठ बसतात, तो पहिला. ज्या वसंतात नदी मैदानात शिरली आणि गाळ दुसऱ्या रांगेतल्या खुर्च्यांपर्यंत चढला, तेव्हा सगळे हंगाम रद्द करण्याच्या गोष्टी बोलत होते. मारिट गुडघ्यापर्यंतचे बूट घालून फावडे घेऊन गेली. तासाभरात तिच्या मागे अर्धे गाव होते. हंगाम ठरल्या दिवशी सुरू झाला.

दुसरा, युसेबिओ व्हाल्देस्पिनो. सान्तो दोमिंगोहून आमच्याकडे फेकायला आला, खांदा गेल्यावर मैदान सांभाळायला राहिला, आणि आता पिचरांना शिकवतोही. डावरा. मारिटचे आणि त्याचे आजवर एका गोष्टीवर एकमत झालेले नाही. "बाई, तुमची मुलगी गवतालासुद्धा शिस्त लावायला बघते," असे तो म्हणतो; आणि ती म्हणते, "हा माणूस गवताची परवानगी घेऊन गवत कापतो." तिच्या घाईनंतर याचा संथपणा यावा, यासाठीच तो दुसरा आहे.

तिसरा, आर्विड. त्याविषयी स्वतंत्र कलम.

चौथे, रेव्हरंड थॅडियस ब्रूक्स. आमच्या क्लबचे जुने पिचर, आता नदीपलीकडच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक. बाप्तिस्म्याच्या बाबतीत आमचे जमत नाही. त्यांना माणसे पाण्यात बुडवायची असतात, मी पाणी शिंपडण्यावर समाधानी आहे. "भगिनी, स्वर्गात तुम्हाला टॉवेल मी देईन," असे ते मला दर ईस्टरला सांगतात. चौथ्या पिचरची कोणी छायाचित्रे काढत नाही. तो सामना शेवटपर्यंत ओढतो, जिंकतो, हरतो, आणि बाकी सगळ्यांना विश्रांती मिळते. बायबलातल्या त्या मेंढपाळ पोराने राक्षसापुढे जाताना ओढ्यातून पाच गोटे निवडले होते. लागला एकच. परंतु उरलेले चार झोळीत होते म्हणून त्याचा हात डगमगला नाही, असे माझे मत आहे, आणि थॅडियसचेही.

पाचवी जागा मोकळी. दरवर्षी वसंतात वरील चौघांनी गावातून एक व्यक्ती निवडून तिला त्या जागेवर बसवावे. ज्या संघात पाचव्या जागेसाठी चुरस नसते, त्या संघात पहिला माणूस आळशी होतो.

कलम ८. आर्विड, हे तुझ्यासाठी.

तू थोरला आहेस. शास्त्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे की हातांची अढी घालून, थोरल्याला डावलून, धाकट्याच्या मस्तकावर आशीर्वादाचा उजवा हात ठेवणारे म्हातारे नवे नाहीत. पण मी तसे काही केलेले नाही. मी तुला मागे ठेवलेले नाही. मी तुला तुझ्या जागी ठेवले आहे, आणि ही जागा मी दोनदा विचार करून दोनदा तीच ठरवली.

रोमन सैन्याच्या तीन रांगा असत. पहिल्या दोन रांगांचे निभावले नाही की तिसरी उठे. त्या तिसऱ्या रांगेत उरलेसुरले नसत. गुडघा टेकून, ढाल पुढे धरून, वाट बघू शकणारे निवडक असत. तू हंगामाच्या पहिल्या दिवशी नेहमी घाईत फेकलेस. टाळ्या, बँड, झेंडे दिसले की तुझ्या हाताला धीर नसे. पण दोन दिवस बाकावर बसून खेळ बघितलास की तिसऱ्या दिवशी तुझ्याइतका शहाणा पिचर या नदीच्या दोन्ही काठांना नव्हता.

तुझे वडील गेले त्या वर्षीची अंतिम मालिका पाच सामन्यांची होती. पहिला आपण जिंकलो, दुसरा हरलो. बरोबरी झाली की सगळी मालिका तिसऱ्याच्या हाती येते, आणि तो हात तुझा होता. मी विजयासाठी प्रार्थना केली नाही. समोरच्या संघातही आया असतात. मी नुसती बघत होते. शेवटच्या फलंदाजाला तू इतका संथ चेंडू टाकलास की तो बॅट फिरवून झाल्यावर चेंडू आला. मालिकेत आपण पुढे, दोन विरुद्ध एक. त्या क्षणी मला जितका अभिमान वाटला तितका तुझ्या जन्माच्या वेळीही वाटला नव्हता, कारण तेव्हा तू नुसता रडत होतास.

आणि तू? तू आजही गुत्त्यात, "सख्ख्या आईनं मला तिसरा ठेवला," असे सांगून लोकांकडून फुकट बिअर पितोस. पी. पण तिसरा होतास म्हणून जिंकलास, हेही सांगत जा.

कलम ९. [खोडले आहे. सि. मा. लिं.]

या खोडलेल्या कलमाचा खुलासा करणे भाग आहे. वकील हॉलिस ब्रँट यांच्या सल्ल्याने त्यात असे लिहिले होते की कोणाही प्रमुखास आपल्या वर्षात क्लब विकता किंवा गावाबाहेर नेता येणार नाही. आज उपासनेनंतर मी चौघांना माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसवून हा कागद वाचून दाखवला. आठव्या कलमानंतर आर्विडने खुर्ची मागे सारली.

"म्हणजे परत तिसरा."

"परत तिसरा."

"आणि माझ्या वर्षी मी विकून टाकला तर?"

हॉलिसने खाकरून नववे कलम वाचले. आर्विड हसला. ते हसू चांगले नव्हते.

"बघा! चेंडू हातात द्यायचा आणि वर मनगट धरून ठेवायचं. मारिटवर भरवसा, युसेबिओवर भरवसा, आणि ही दोरी मात्र माझ्यासाठी वळलेली. खरं की नाही, आई?"

खरे होते. मी पिचरला चेंडू देऊन कधी उंचवट्यावर त्याच्याशेजारी उभी राहिले नाही. चेंडू द्यायचा आणि मैदानावरची चुन्याची रेघ ओलांडून बाकावर परत यायचे, हाच माझा नेम होता. मी लेखणी मागितली.

"सिग्नेबाई, वकील म्हणून सांगतो, हे करू नका," हॉलिस म्हणाला.

"वकील म्हणून तू सांगितलंस, हॉलिस. माझ्या वर्गात असताना ऐकायचास तसा आता ऐक."

"आमेन," थॅडियस म्हणाले.

मी कलम खोडले. "आता विकता येईल तुला," मी आर्विडला म्हटले. "चेंडू तुझ्या हातात आहे."

तो उठून खिडकीशी गेला. मारिटने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा युसेबिओने तिच्या कोपराला हात लावून तिला थांबवले. आणि ती थांबली, ही नवलाची गोष्ट मी येथे नोंदवते. आर्विड आमच्याकडे न वळताच म्हणाला,

"युसेबिओच्या वर्षी मी बसायचं कुठं?"

"म्हणजे?"

"ज्याला उद्या फेकायचं असतं तो आज बाकावर बसून प्रत्येक चेंडू टिपतो, आई. कुणी काय टाकलं, कुणी कसं मारलं. त्याशिवाय मी कधी उंचवट्यावर पाय ठेवला नाही. तू इतकं पानंच्या पानं लिहिलंस आणि हेच लिहायचं विसरलीस? आंधळ्यासारखा चालवू का मी क्लब तिसऱ्या वर्षी?"

"माझ्याशेजारी बस की," युसेबिओ म्हणाला. "पण लुडबुड नाही चालायची."

"मी टिपणार. लुडबुड तुझ्या वर्षाआधी तू कर, मारिटच्या शेजारी बसून."

"देवा रे," मारिट म्हणाली.

कलम १०. आर्विड लिंडाल यांच्या मागणीवरून घातले: ज्या व्यक्तीचे वर्ष पुढे येणार आहे, तिने चालू वर्षाच्या प्रमुखाशेजारी पूर्ण हंगाम बसावे, सर्व पाहावे व टिपून ठेवावे. ते न केल्यास तिला त्या खेपेस प्रमुख होता येणार नाही. हे बंधन मी कोणावर घातलेले नाही. ते त्यांनी आपणहून घेतले, आणि मी फक्त लिहून घेतले.

हे शेवटचे कलम मी वरच्या खोलीत लिहीत आहे. खाली ते चौघे कॉफी पीत आहेत, आणि पाचव्या जागेवर कोणाला बसवायचे यावरून मोठमोठ्याने भांडत आहेत. आर्विडचा आवाज सर्वांत वर आहे.

हे इच्छापत्र मी पूर्ण वाचले आहे व ते मला मान्य आहे. नवव्या कलमावरची रेघ माझ्या हातची असून ती ओढताना माझा हात स्थिर होता.

ठिकाण: ड्रमंड फेरी, आयोवा
दिनांक: १३ मार्च २०१६, रविवार

सिग्ने मार्गारेट लिंडाल

वरील बाईंनी आमच्या समक्ष व आम्ही दोघांनी एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. आमच्यापैकी कोणालाही या कागदाने काही मिळत नाही.

१. वेंडेल ऑगस्ट स्टोल्ट, ऑर्गनवादक
२. फ्लॉरेन्स एम. डेवी, शेजारीण