परकराची दुमड

कोपरी, ठाणे

विशाखाताई, जय भीम.

साध्या शिंकेने आईचा मणका मोडला, तेव्हा तू फोनवर विचारलंस, "अगं, आधी काहीच कळलं नाही?" मी नाही म्हणाले. ते खोटं होतं, आणि हे पत्र तुला पाठवायचं धाडसही माझ्यात नाही.

डॉक्टर म्हणतात, हाडं ठिसूळ होऊन मणके हळूहळू दबत गेले, उंची कमी होत होती.

दोन वर्षांत आईने एकच परकर माझ्याकडून तीनदा आखूड करून घेतला. टेलर मी, टेप माझ्या गळ्यात. दर वेळी दुमडून टीप मारली आणि हसले, "आई, लोकांचं कापड धुऊन आटतं, तुझंच कसं वाढतं?" तीही हसायची.

काल तिन्ही टिपा उसवल्या. चार बोटं कापड निघालं. तेवढी आई मी माझ्या हाताने दुमडून टाकली होती.

तुझी
संघमित्रा