धुरात चुकलेली गिरकी

४ फेब्रुवारी

आज धूर छान होता! गाणं सुरू व्हायच्या आधी यंत्रातून तो पांढरा धूर सोडतात. आधी तळपायांना गार लागतो, मग गुडघ्यापर्यंत चढतो, मग आपल्याला पायच नाहीत असं वाटायला लागतं. दुखरा गुडघाही कुठेतरी तरंगत जातो.

गायिका पुढे, तिच्यामागे पहिली रांग, आणि मागच्या रांगेत कडेला मी. टीव्हीवर माझा फक्त हिरव्या बाहीचा हात दिसतो. ताई म्हणते, "ओळखला गं! आपल्याच घरातला हात!"

६ फेब्रुवारी

कार्यक्रमाच्या पुढच्या पर्वासाठी आमचे नाच बसवणारे मास्तर नवी रांग निवडणार आहेत. आज काही मुली येऊन गेल्या. जिना उड्या मारत चढल्या. मी कठडा धरून. मला काढलं तर? नाचाशिवाय मला येतं काय? साधा चहासुद्धा ताई करते!

७ फेब्रुवारी

झोपेत नाचले म्हणे. ताईला लाथ बसली.

१० फेब्रुवारी

घोटाळा केला! तोही थेट प्रक्षेपणात!

शेवटच्या कडव्याला धूर वर आला, निळा दिवा त्यात विरघळला, आणि मी कुठल्या तंद्रीत गेले कोण जाणे — उजवीकडची गिरकी डावीकडे घेतली. एकटी चुकले असते तर खपून गेलं असतं. पण मागची अख्खी रांग माझ्याबरोबर डावीकडे! पुढची रांग उजवीकडे, आम्ही डावीकडे. चुकलं होतं, तरी फार फार छान वाटलं — हे फक्त इथेच लिहिते.

शेजारी नाचणाऱ्या वेलचीला नंतर धरलं. आहेच वेलचीएवढी. म्हटलं, "तुला तर पाठ होतं, तू का वळलीस?"

"मी कुठे मोजत बसते? तुझ्या खांद्याकडे बघते. सगळ्याच बघतात. तुला माहीत नाही?"

नव्हतं माहीत.

११ फेब्रुवारी

मास्तरांनी बोलावलं. ओरडले असते तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाले, "पुढच्या पर्वात तू रांगेत नाहीस."

कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. ते बोलतच होते. "अगं, ऐक तरी! कॅमेऱ्याखाली उभी राहा, रांगेकडे तोंड करून. तू हात कर, त्या तुला बघून नाचतील. तालमी तूच घ्यायच्या."

म्हणजे आता हातही दिसणार नाही! रडले. भांडले. "विचार करून सांग," म्हणाले. "केला विचार. नको!" म्हटलं आणि दार आपटून आले.

१३ फेब्रुवारी

ताई म्हणते, "तुझ्या गुडघ्याला विचारलं मी. तो हो म्हणतोय." हसू आलं. मग हसले म्हणून राग आला.

१७ फेब्रुवारी

सकाळी किटलीची वाफ बघत बसले. वाफ खिडकीकडे निघाली, काचेवर पसरली, बाहेरचा रस्ता पुसट झाला. किती वेळ गेला कळलं नाही. टेबलाखाली पाय आपले ताल धरून! तेव्हा वाटलं, रांगेत नसले तर नसले. त्या धुराच्या जवळपास तरी असेन. लांब राहून मी वाळून जाईन.

फोन केला. "येते!" म्हटलं.

मास्तर म्हणाले, "ये. पण ओरडतेस कशाला?"

२ मार्च

नव्या पर्वाची पहिली तालीम. कॅमेऱ्याखाली उभी राहिले. धूर सोडला. मी हात उचलला — समोर सगळे हात उचलले गेले. मी वळले, सगळ्या वळल्या. माझ्या जागेवरची मुलगी माझ्यापेक्षा चांगली नाचते. अगदी चांगली.

इतकी वर्षं मी ह्या नाचात होते, आणि तो असा दिसतो हे मला आज कळलं! बघता बघता मी नाचायची थांबलेच. तर समोर सगळी रांग थांबली, धुरात, माझ्याकडे बघत.