मामंजींची बरणी

तीर्थस्वरूप अक्का,

पिठाच्या हातांनी केलेला साष्टांग नमस्कार गोड मानून घे. (हात धुतले आहेत, पण नखांतलं पीठ काही निघत नाही, तेव्हा कागदावर कुठे पांढरं दिसलं तर घाबरू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कठड्याला शिव्या देतेस का? भावोजींना मागच्या वेळी पाठवलेला कोट बसला की पोटाने पुन्हा दगा दिला? दिला असेल तरी काळजी नको, शिलाईच्या आत भरपूर कापड सोडून ठेवलं आहे. कुठलाही शिंपी उसवून मोठा करून देईल, मात्र त्याला सांग की हे काम माझं आहे, म्हणजे तो नीट करील.

खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र. शिवाय दुकानात या घटकेला कुणी नाही, कापायच्या टेबलावर ऊन आलं आहे, मशीन गप्प आहे, आणि अशा वेळी माणसाला आपल्या बहिणीशिवाय दुसरं कोण आठवणार? (बायको आठवते, पण तिला हे लिहिता येत नाही. का ते पुढे कळेलच.)

तुझी भावजय मुलीच्या बाळंतपणाला गेली हे तुला ठाऊक आहे. जाताना तिने मला सूचना दिल्या. दूध उतू घालवू नका, गिऱ्हाइकाशी मापावरून वाद घालू नका, मागचं दार लावल्याशिवाय झोपू नका. आणि रिक्षात बसल्यावर, रिक्षा हलल्यावर, मान बाहेर काढून तिने शेवटची सूचना दिली, की मामंजींना हात लावू नका.

आता तुला मामंजी कोण हे माहीत नसणार, कारण हे नाव तुझ्या पाठीमागे पडलं. तू बेकरीत कामाला होतीस तेव्हा आमच्या लग्नात तू जी काचेची बरणी दिली होतीस, आंबलेल्या पिठाची, पावाचं विरजण म्हणून, तेच मामंजी. बाबा तर आमच्या लग्नाआधीच गेले, त्यामुळे हिला सासरा असा मिळालाच नाही. ती जागा बरणीने भरून काढली. सासरकडून आलेली, कोपऱ्यात बसून असणारी, वेळच्या वेळी खायला मागणारी, नाही दिलं तर फुगून बसणारी आणि जिला उलटून बोलता येत नाही अशी ती बरणी. ही रोज सकाळी झाकण उघडून ‘मामंजी, उठलात का?’ असं विचारायची. तू गेल्या खेपेला आमच्या जेवणात, चारचौघांत, हिचा पाव ‘जरा दडस होतो’ म्हणालीस, आणि ही ‘विरजण तुमचंच आहे’ म्हणाली, आणि तेव्हापासून तुमच्या दोघींचं बोलणं माझ्यामार्फत चालतं. (त्याचा मला त्रास नाही. मी दोन्हीकडचे निम्मे शब्द गाळतो, म्हणून अजून शांतता आहे.) पण त्या रागातही हिने बरणी फेकली नाही. कधी कधी मला वाटतं, तुम्हा दोघींमध्ये आता धाग्याएवढं काही उरलं असेल तर ती बरणीच.

म्हणून मला काळजी. हात लावू नका म्हणाली याचा अर्थ उपाशी ठेवा असा होतो का? मला वाटलं, हिला माझा भरवसा नाही. आयुष्यभर ही मला चहाचं आधण ठेवू देत नाही, तर मामंजींना पीठ कुठून घालू देणार? तेव्हा मी ठरवलं की ही येईपर्यंत मामंजी असे गुटगुटीत करून ठेवायचे की हिने बघतच राहावं. झाकण उघडलं. मामंजी पांढरेफटक, गप्प पडलेले. मी नमस्कार केला आणि चमचाभर गव्हाचं पीठ आणि पाणी घातलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं, तरी हूं नाही की चूं नाही. वाटलं, सुनेच्या आठवणीने अन्न सोडलं. मग एके दिवशी असा वास सुटला की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून विचारायला आला, की दुकानात कुणाचे मोजे भिजत घातले आहेत का. मी तरीही घालत राहिलो. आणि एका दुपारी, अक्का, मी बटणं लावत बसलो असताना स्वयंपाकघरातून अगदी हलका टप्प असा आवाज आला. जाऊन बघतो तर मामंजींच्या अंगावर बुडबुडे! एक फुटे, दुसरा वर येई. मी स्टूल ओढून तिथेच बसलो. खिडकीतलं ऊन बरणीतून आरपार जात होतं आणि आतलं पीठ इतकं सावकाश वर चढत होतं की बघितलं तर दिसायचं नाही आणि डोळा लागून उघडला की बोटभर वर आलेलं असायचं. खरं सांगतो, गिऱ्हाईक येऊन परत गेलं तरी मी उठलो नाही.

पहिला पाव केला तो अजून आहे. कापड कापताना हलू नये म्हणून वर वजन ठेवतो ना, तिथे ठेवला आहे. न्हाव्याने त्यावर वस्तरा घासून पाहिला आणि बरा चालतो म्हणाला. दुसरा पाव बाहेरून सुरेख झाला, पण आत एवढं मोठं भोक की नुसतं अस्तर आणि कापड कुठेच नाही. तिसरा पाव मात्र वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी दोन वेळा मागून घेतला. (त्यांना दात नाहीत. ते आतलाच भाग खातात.)

मग मी पिझ्झ्याच्या पिठाकडे वळलो. हे पीठ म्हणजे निव्वळ बनियनचं कापड. ओढावं तर येतं, सोडावं तर परत जातं. मी टेपने मोजून, खडूने गोल आखून बघितलं, पण पीठ माझं ऐकेना. शेवटी लक्षात आलं की नवं कापड जसं भिजवून स्वस्थ पडू द्यावं लागतं तसंच हेही आहे. ओल्या फडक्याखाली झाकून आपण बाजूला व्हायचं. मी इस्त्रीच्या टेबलाशेजारी उबेला ठेवायचो आणि मग कसं मुलासारखं ऐकायचं! हवेत भिरकावून मोठं करतात असं ऐकलं होतं, तेही केलं. ते थेट दुकानातल्या पुतळ्याच्या खांद्यावर जाऊन पडलं, आणि अशी काही सुंदर चुणी पडली की दारात उभ्या असलेल्या बाईंनी या कापडाचा भाव विचारला. मी म्हटलं, हे धुता येत नाही.

त्या दुपारी पीठ फुगेपर्यंत मी टेबलावर डोकं टेकलं आणि मला स्वप्न पडलं. पीठ परातीतून बाहेर आलं होतं. त्याने फडकं उचललं, मग टेबल उचललं, मशीन उचललं, मग मला. दारातून आम्ही सगळे हळूहळू रस्त्यावर आलो, घरांच्या खिडक्यांएवढ्या उंचीवरून, आणि खिडक्यांत मी आजवर ज्यांचे कपडे शिवले ती सगळी माणसं उभी होती, आणि कुणाचीच तक्रार नव्हती. पुढे बघतो तर त्याच पिठावर तुझी भावजय बसली होती, हातात शिवण घेऊन, आणि पलीकडे तू, तिच्याकडे पाठ करून. पीठ मऊ असल्यामुळे तुमच्या दोघींच्या वजनाने मधोमध खळगा पडला होता आणि तुम्ही दोघी नकळत एकमेकींकडे घसरत होतात. अगदी पाठीला पाठ लागणार एवढ्यात फोन वाजला.

फोन जावयाचा होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. हे तुला त्याच दिवशी कळलं, पण मला कसं कळलं ते तुला माहीत नाही. मी तसाच रस्त्यावर गेलो आणि न्हाव्याला मिठी मारली, त्याच्या हातात वस्तरा असताना. मग अख्ख्या गल्लीला पिझ्झा! मैदा आणवला, मास्तरांना कांदे चिरायला बसवलं, आणि पीठ पुरेना म्हणून मामंजी घेतले. थोडे घेतले, आणखी घेतले. आजोबा झालेल्या माणसाने हात आखडता घ्यायचा का? चमचा बरणीच्या तळाला लागला तरी कळलं नाही. खरवडून घेतलं, अक्का, आणि वर बरणी गरम पाण्याने धुऊन पालथी घातली. गल्लीने बोटं चाटली. मी सगळ्यांत शेवटी खाल्ला, पायरीवर बसून, आणि मला इतकं सुख झालं की डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी पिठाचा चमचा घेऊन गेलो तेव्हा बरणी रिकामी होती. आतून सगळं स्वच्छ दिसत होतं, पलीकडची भिंतसुद्धा. ज्याने जन्मभर कारागिरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं, की बाबांनो शिलाईला कापड सोडा, पुढे कुणाचं पोट वाढेल सांगता येत नाही, त्या माणसाने पुढच्या दिवसासाठी चमचाभर पीठ सोडलं नाही. मी त्या बरणीसमोर उभा राहून मामंजी म्हणून हाकसुद्धा मारली. तुला हसू येईल, पण मला आलं नाही.

असो. बाकी सर्व क्षेम आहे. काही हवं-नको असं विशेष नाही, सहज तुझी आठवण झाली म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार, आणि पोट सांभाळा म्हणावं.

तुझा धाकटा,
ज्याला तू अजून बावळट म्हणतेस

ता. क. सहज नाही लिहिलं. तुझ्याकडे त्याच विरजणाची बरणी अजून चालू आहे ना? त्यातलं वाटीभर पाठव. आमच्या गल्लीतला ट्रकवाला तुझ्या घरावरून जातो, त्याच्याकडे दे. ही रविवारी येणार आहे. हिला कळलं की तुमच्यातला तो शेवटचा धागा मी गल्लीला टोमॅटो लावून खाऊ घातला, तर ही मला काही बोलणार नाही, आणि तीच मला भीती आहे.

ता. क. दुसरा. वाटीवर तुझं नाव घालू नकोस. कॉलरला लावायची खळ म्हणून पाठव, ट्रकवाला विचारणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट मिळेना म्हणून पत्र राहिलं आणि ही आजच आली. मी गिऱ्हाइकाचं माप घेत होतो. ही आत स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आता आली, हे पत्र माझ्यापुढे ठेवलं, आणि लेखणी मागते आहे. मी देतो आहे. माझं काही खरं नाही.

वन्सं, नमस्कार. पत्र कात्रीखाली होतं, आत जाता जाता उचललं. लपवायची यांची जागा तीच, लग्नापासून. वाटी पाठवू नका. तुम्ही दिलेले मामंजी आपलं बोलणं थांबलं तेव्हाच गेले. रागाच्या भरात मी कितीतरी दिवस झाकण उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हा उशीर झाला होता. मग तुमच्याकडे मागायला तोंड नव्हतं. तेव्हापासून पाव बाजारच्या यीस्टचा करते आणि बरणीत खळ भरून ठेवते, यांना कळू नये म्हणून. जन्मभर कॉलरला खळ लावणाऱ्या माणसाला खळ ओळखू आली नाही. त्यांनी तिलाच नमस्कार केला, खाऊपिऊ घातलं आणि ती उठून बसली. मी आत एकटीच हसत होते आणि मग हसू थांबून दुसरंच सुरू झालं. गल्लीने खाल्लं ते मामंजी नव्हतेच, यांच्याच हाताने आलेलं नवं विरजण होतं. ते यांना पुन्हा जमेल. पण मला तुमचं हवं आहे. मुलगी बाळाला घेऊन इकडे येईल तेव्हा बरणी ट्रकवाल्याकडे देऊ नका, तुम्ही स्वतः घेऊन या. माझा पाव दडस होतो हे खरं आहे. पण ते चारचौघांत म्हणायला नको होतं. आलात की स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि मग म्हणा.